सिंगापूरला एकच दिवस मिळतोय? मग असं फिर

सगळं बघायच्या नादात पडू नकोस, सेंटोसा (मौजमजेचं बेट) सरळ सोडून दे, त्यातच अख्खा दिवस जातो. बँकेचं कार्ड टॅप करून एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने फिर, वेगळं तिकीट लागत नाही, पण आत पाणीसुद्धा प्यायचं नाही हं, दंड आहे.

सकाळी काया टोस्ट खाच. काया म्हणजे नारळाचं दूध, अंडी न् साखरेचा जाम, तो आणि मध्ये थंडगार बटरची जाड चकती, टोस्ट गरम असतो त्यामुळे ती कडेने वितळायला लागते, तेवढ्यात खायचं. सोबत कोपी, म्हणजे तिथली कॉफी, त्यात कंडेन्स्ड मिल्क असतं, गोड नको असेल तर आधीच सांग.

मग चायनाटाउन. १८२७ चं मारीअम्मन मंदिर बघ, तिथून चालत मॅक्सवेल फूड सेंटर, खाण्याच्या स्टॉल्सची जागा. जेवायला साडेअकरालाच जा, नंतर बसायला जागा मिळत नाही. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा कोणीतरी धरलीय, तिथे बसू नकोस आणि खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः परत ठेवायचा, तो नियमच आहे. चिकन राइस घे. शाकाहारी असशील तर लिटल इंडियात कोमला विलास, १९४७ पासून चालू आहे.

दुपारी ऊन आणि दमटपणा जीव काढतो, तेव्हा एखाद्या म्युझियममध्ये एसीत बस. संध्याकाळी गार्डन्स बाय द बे ही बाग, तिथे सुपरट्रीचा (झाडांसारख्या उंच मनोऱ्यांचा) लाइट शो पावणेआठ आणि पावणेनऊला असतो, फुकट आहे, आडवं पडून बघ, मान दुखत नाही.