गोगलगायी वेचणाऱ्या मुलीने शिकायचं काय?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वाचकांसाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगतो. तुमचं गाव लातूर जिल्ह्यात, घरची सहा एकर कोरडवाहू शेती. लेक बारावी सायन्सला, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी घेऊन. २०२२ च्या पावसाळ्यात शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन रातोरात फस्त केलं आणि तुम्हाला दुबार पेरणी करावी लागली. तेव्हा ही मुलगी शाळेत होती. आजीबरोबर बॅटरी घेऊन ती रात्री बांधावर गोगलगायी वेचायची आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायची. ते तिच्या मनातून गेलंच नाही. आता ती म्हणते, "बाहेरून येणाऱ्या असल्या प्रजातींना सरकार कसं अडवतं, त्या कामात मला जायचंय." तिचे बाबा म्हणतात, "गोगलगायी वेचायला एवढं शिक्षण कशाला? नर्सिंग किंवा डी.फार्म. कर." आणि तुमचा प्रश्न असा, की असं काही क्षेत्र खरंच आहे का, शिकायचं कुठे, आणि पुढे पोटापाण्याचं काय?

क्षेत्र आहे. चांगलं शंभर वर्षांहून जुनं आहे. फक्त त्या नावाची पाटी कुठल्या कचेरीवर दिसत नाही, म्हणून ते आपल्याला ठाऊक नसतं.

बाबांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण तो प्रश्न चुकीचा नाही. ज्या गोगलगायीने तुमचं सोयाबीन खाल्लं ती मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ मध्ये एका शंखशास्त्रज्ञाने ती मॉरिशसहून कोलकात्यात आणली आणि तिथल्या बागेत सोडली. अडवणारं कुणी नव्हतं, नियमही नव्हता. पावणेदोनशे वर्षांनी त्याची किंमत तुमच्या घराने दुबार पेरणीच्या बियाण्यात मोजली, आणि लातूर, बीड, उस्मानाबादच्या शेतकऱ्यांसाठी सरकारला मदत जाहीर करावी लागली. एकदा जीव पसरला की माणसाच्या हातात बादली आणि बॅटरीच उरते. शिक्षण लागतं ते त्याच्या आधीच्या टप्प्याला.

आता याच्या उलट एक गोष्ट बाबांना जरूर सांगा. १९०६ साली सरकारने हुकूम काढला, की परदेशातून येणाऱ्या कापसाच्या गाठींना बंदरावर धुरी दिल्याशिवाय त्या आत घ्यायच्या नाहीत. भीती होती ती मेक्सिकोकडच्या कपाशीच्या सोंड्याची, म्हणजे बोंडं पोखरणाऱ्या एका भुंग्याची. अमेरिकेत त्याने कापसाचे पट्टेच्या पट्टे बुडवले होते. आपल्या कपाशीला बोंडअळीने किती छळलंय ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको, पण तो सोंडा आजही भारतात नाही. पुढे १९१४ मध्ये पिकांची नासाडी करणाऱ्या किडींविरुद्ध केंद्राचा कायदा आला. तो आजही लागू आहे, आणि परदेशातून बी, रोप, फळ, धान्य, लाकूड आणण्याचे २००३ चे नियम त्याच कायद्याखाली निघालेले आहेत.

आणि कायदा असूनही निसटलेलं उदाहरण तुमच्या बांधावरच आहे. गाजर गवत आपल्याकडे पहिल्यांदा लक्षात आलं ते १९५५ च्या सुमारास, पुण्यात. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर त्याच्या बिया आल्या असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. बी इतकं बारीक की धान्यात नुसत्या डोळ्यांना दिसणं मुश्कील. आता ते देशभर आहे. कुणाच्या हाताला खाज सुटते, कुणाला दमा होतो, जनावर तोंड लावत नाही. कर्नाटकाने १९७५ मध्ये त्याला कायद्याने घातक तण ठरवलं. गवत तरीही राहिलं. शेवटी मेक्सिकोहूनच त्याचा शत्रू असलेला झायगोग्रामा भुंगा आणला, पारखला आणि १९८४ पासून शेतात सोडला. सूर्यफुलावर तो दिसला तेव्हा केवढा वाद झाला, हेही तिला वाचायला सांगा. परका जीव आवरायला दुसरा परका जीव आणायचा म्हणजे आधी किती चाचण्या कराव्या लागतात, ते त्यातून कळतं.

मी हे इतकं लांबवून सांगतोय त्याला कारण आहे. या क्षेत्रात कायदा लिहिणाऱ्यांपेक्षा जीव ओळखणाऱ्या माणसांची वानवा जास्त आहे. नियमाच्या कागदावर प्रजातीचं नाव असतं. दाण्यांच्या ढिगातून ती प्रजाती वेचून "हीच ती" म्हणणारा डोळा तयार व्हायला पाच-सात वर्षं जातात.

माझी एक जुनी विद्यार्थिनी केंद्र सरकारच्या प्लांट क्वारंटाइनमध्ये, म्हणजे देशात येणारा शेतमाल किडींसाठी तपासणाऱ्या खात्यात, काम करते. पदाचं नाव मोठं असलं तरी काम कसं चालतं ते तिने मला एकदा दाखवलं. आफ्रिकेतून आलेल्या तुरीचा कंटेनर. वेगवेगळ्या पोत्यांतून नमुना काढायचा, चाळायचा, पांढऱ्या ट्रेमध्ये पसरायचा आणि भिंग घेऊन बसायचं. एका दाण्याला टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं. तिने तो दाणा चिमट्याने उचलून काचेच्या नळीत टाकला, वर चिठ्ठी लावली आणि पुढच्या दाण्याकडे वळली. चाळणीखाली पडलेल्या कचऱ्यातल्या तणाच्या बिया वेगळ्या काढल्या. मग कंटेनरमधल्या लाकडी फळ्यांवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला शिक्का आहे का ते पाहिलं. लाकूड आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलं की "एचटी" अक्षरांचा तो शिक्का मिळतो. लाकूड पोखरणारे भुंगे पॅकिंगच्या फळ्यांतून देश ओलांडतात, म्हणून ही खबरदारी. दोन तासांनी तिने मान वर केली. दाण्यातली कीड आपल्याकडचीच निघाली तर धुरी देऊन माल सोडायचा. यादीतली परकी निघाली तर माल अडवायचा, आणि मग आयातदाराचे फोन सहन करायचे. तो शेवटचा भाग तिला सगळ्यात जड जातो असं ती म्हणाली. तुमच्या लेकीचा स्वभाव ठाम आहे का, ते तुम्हालाच ठाऊक.

हेच खातं माल बाहेर पाठवतानाही लागतं. २०१४ मध्ये युरोपने आपला आंबा बंद केला होता, कारण पेट्यांमध्ये फळमाशी सापडली. आपल्याला रोजची असलेली माशी त्यांच्यासाठी परकी कीड. तपासणीची पद्धत सुधारल्यावर २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठली. कोकणातला हापूस असो की नाशिकचं द्राक्ष, वनस्पती आरोग्याच्या दाखल्यावर सही झाल्याशिवाय ते जहाजात चढत नाही. त्यामुळे हे काम उद्या बंद पडेल ही भीती बाळगू नका.

शेताबाहेरही हाच प्रश्न आहे. जंगलात घाणेरी आणि रानमोडी, नद्यांत जलपर्णी. थाई मागूर नावाच्या आफ्रिकन माशावर केंद्राने २००० सालीच बंदी घातली, तरी तो तळ्यांत चोरून वाढवला जातो आणि मत्स्य विभागाला साठे नष्ट करावे लागतात. २०२२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि "आक्रमक परकीय प्रजाती" हे शब्द पहिल्यांदा त्या कायद्यात आले. अशा प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणं, पसरवणं यांवर बंधन घालण्याचा अधिकार कलम ६२-अ ने केंद्राला दिला आहे. एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती लागू आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय मंचाने जगभराचा हिशेब मांडला: माणसाने इकडून तिकडे नेलेल्या ३७,००० प्रजाती, त्यांपैकी ३,५०० हून अधिक घातक, आणि २०१९ मधलं नुकसान ४२३ अब्ज डॉलरहून जास्त. बाबांना आकडा हवा असेल तर हा सांगा.

आता शिक्षणाचं.

माझं स्पष्ट मत: तिने बी.एस्सी. ॲग्री करावं. एमएचटी-सीईटी द्यायची, चार वर्षांचा कोर्स. परभणीच्या विद्यापीठाचं कृषी महाविद्यालय लातूरलाच आहे, म्हणजे घरापासून लांब पाठवायची चिंताही नाही. साधं बी.एस्सी. बॉटनी वाईट नाही, झाडांची ओळख तर तिथे जास्त खोलवर शिकवतात. पण बॉटनीवाल्याला एमपीएससीची कृषी सेवा बंद होते. ॲग्रीवाल्याला कृषी सेवा उघडी, वन सेवा उघडी, यूपीएससीची भारतीय वन सेवा उघडी, आणि पुढे एम.एस्सी. करून संशोधनही उघडं. घरची परिस्थिती तुम्ही मोकळेपणाने लिहिली आहे. अशा वेळी जास्त दारं उघडी ठेवणारा रस्ता घ्यावा.

त्यानंतर एम.एस्सी. कीटकशास्त्रात किंवा वनस्पती रोगशास्त्रात. प्लांट क्वारंटाइनमधल्या वरच्या पदांना अशीच पदव्युत्तर पदवी मागतात, भरती यूपीएससीतर्फे होते, आणि बदली देशात कुठेही होऊ शकते. म्हणून हिंदी-इंग्रजी आत्तापासून सुधारायला हवं. संशोधनाकडे ओढा राहिला तर जबलपूरला तण संशोधनाची आणि बंगळुरूला कीटकांची राष्ट्रीय संस्था आहे. पपईवरच्या परक्या पिठ्या ढेकणाने दक्षिणेत बागा उजाड केल्या होत्या, तेव्हा २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून त्याच्यावर जगणारी इवलीशी गांधीलमाशी आणून सोडली, ते काम बंगळुरूच्या संस्थेचं. पाण्यातल्या जिवांकडे मन वळलं तर मत्स्य महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात, उदगीरला आहे. जंगलात जायचं असेल तर शरीर कमवावं लागेल. भारतीय वन सेवेत मुलींना चार तासांत १४ किलोमीटर चालण्याची चाचणी असते. शेतकऱ्याच्या लेकीला त्याचं भय वाटायला नको.

अडचणीही लिहितो. या पदांच्या जाहिराती दरवर्षी निघतातच असं नाही. निकाल, मुलाखत, नेमणूक यांत दोन-तीन वर्षं सहज जातात, आणि त्या काळात घरातून "लग्नाचं काय" सुरू होतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलींपैकी अनेकींचं गाडं तिथेच अडतं, परीक्षेत नाही. तो काळ बिनपगारी जाऊ नये म्हणून फळांच्या निर्यातीची पॅकहाउस, मालाला धुरी देणाऱ्या परवानाधारक एजन्सी, बियाणे कंपन्यांतली नियमांची कामं, अशा ठिकाणी अनुभव घेता येतो. पगार सुरुवातीला बेताचा असतो, पण तपासणीची नजर तिथेच बसते. घरी आजच ठरवा, की पदवीनंतर तिला किती वर्षं द्यायची. मी म्हणेन एम.एस्सी. धरून पाच. नर्सिंगचा पर्यायही प्रतिष्ठेचाच आहे, पण तो तिने स्वतः मागितलेला नाही.

सीईटीचा अभ्यास सांभाळून एक काम मात्र तिने लगेच सुरू करावं. दोनशे पानी वही घ्यायची. मृगाचा पाऊस पडला की रोज संध्याकाळी बांधावरची ठरावीक दहा पावलं जागा बघायची आणि लिहायचं: किती गोगलगायी, केवढ्या, कुठल्या रोपावर, किती पाऊस झाल्यावर बाहेर आल्या. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं पोतं ठेवलं तर त्याखाली किती जमा झाल्या आणि नुसत्या ओल्या पोत्याखाली किती. अंडी मातीत कुठे, किती खोल. शेजारच्या गाजर गवतावर पांढुरक्या पंखांवर काळ्या रेघा असलेला भुंगा दिसतो का. फोटो काढून आयनॅचरलिस्ट या जीव ओळखण्याच्या ॲपवर टाकले तर जाणकार नाव सांगतात, चुकलं तर दुरुस्तही करतात. १६ ते २२ ऑगस्टला गाजर गवत जागृती सप्ताह असतो. त्या दिवसांत तिला घेऊन लातूरच्या कृषी महाविद्यालयात जा, आणि ताई, जमलं तर बाबांनाही न्या. कीटकशास्त्र विभागात ती वही टेबलावर ठेवू द्या आणि बोलू तिलाच द्या.

आणखी एक. त्या गोगलगायी उघड्या हाताने उचलू नका. त्यांच्या अंगात माणसाच्या मेंदूपर्यंत पोचणारा एक कृमी असू शकतो. आजींनाही हातमोजे द्या, नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा, आणि नंतर साबणाने हात धुवा.

वहीची पहिली दहा पानं भरली की मला त्यांचे फोटो पाठवायला सांगा. मी स्वतः वाचून उत्तर देईन.

तुमचा,
करिअर मार्गदर्शक