पहिल्या आठवड्यात एवढं सांभाळ

कारखान्यातल्या सेफ्टी ट्रेनिंगमध्ये तासन्‌तास स्लाइड दाखवतील. सगळं लक्षात राहणार नाही, घाबरू नकोस. सुरुवातीला एक गोष्ट पक्की कर: मशीन थांबलेलं दिसतंय म्हणून ते बंद आहे असं धरू नकोस. आत हात घालण्याआधी मेन स्विचला स्वतःचं कुलूप, त्यावर नावाचा टॅग आणि किल्ली स्वतःच्याच खिशात. मग स्टार्टचं बटण दाबून बघ. काही हलता कामा नये. मी नवा असताना दुसऱ्याच्या कुलपावर विसंबलो. तो जेवायला जाताना ते काढून गेला. कन्व्हेयर हलला तेव्हा माझा हात नुकताच बाहेर आला होता.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- ड्रिल, लेथवर हातमोजे घालणं. फिरता भाग मोज्यासकट बोटं ओढतो.
- हेल्मेट डोक्यावर, पट्टा मोकळा.
- टाकीत कोणी पडलेला दिसला की मागोमाग आत उतरणं. थांब, ओरडून मदत बोलव. ऑक्सिजन कमी असला तर डोळ्यांना कळत नाही. वाचवायला गेलेलेही तिथेच कोसळतात.

परमिट (धोक्याच्या कामाआधीची लेखी परवानगी), गॅस टेस्टिंग (आत उतरण्याआधी हवा तपासणं) हे पुढे शिकशीलच. न समजलेलं काम मात्र मान डोलावून उचलू नकोस. सुपरवायझर वैतागला तरी पुन्हा विचार.