मराठी-गुजराती प्रेमविवाहात कोणते विधी ठेवावेत? त्यांना खरंच काही अर्थ असतो का?

अर्थ असतो, आणि तो बराचसा विधी कोणाच्या हातून होतो यावर ठरतो. तुमचा प्रश्न नेमका दुखऱ्या जागी लागला, म्हणून लिहितेय.

मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली. नवरा गुजराती. ओळख फाईन आर्ट्स कॉलेजच्या गरब्यातली, पुढचं सगळं कमाटी बागेत. घरी कळल्यावर फारशी आदळआपट झाली नाही. आमच्या गावात अशी लग्नं नवीन नाहीत. भांडण पेटलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. बाबा गेलेले. काकांचं म्हणणं, कन्यादान ते आणि काकू करणार, दारात नवरदेवाला पोंखायलाही काकूच उभी राहणार, आईनं पुढे यायचं नाही.

तुमच्यातलं जे गुजराती असेल त्याला पोंखणं ठाऊक आहेच. मुलीची आई जावयाला ओवाळते, लाकडाचं छोटंसं जू, मुसळ, रवी, चाती दाखवते, म्हणजे बाबा रे, संसार ओढायचाय, सामान बघून घे. मग त्याचं नाक धरायला जाते आणि तो मातीचं संपुट पायाखाली फोडून आत येतो. सगळी मजा सासू-जावयाची. आमच्याकडे काकू ताट घेऊन उभी आणि हा पाटावरून हलेना. त्याचे मामा घड्याळ बघतायत, काका घामाघूम. हा शांतपणे म्हणाला, "मम्मी पोंखशे तो ज अंदर आवीश." म्हणजे माझ्या आईनं पोंखलं तरच आत येईन. शेवटी माझ्या सासूबाईच आत गेल्या आणि आईला हाताला धरून घेऊन आल्या. कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून आईनं मुद्दाम फिकी कोटा साडी नेसली होती. तिनं त्याचं नाक असं धरलं की फोटोत लालबुंद दिसतंय. हा माणूस मला का आवडतो, याला याहून मोठं कारण मी शोधलेलं नाही.

कन्यादान मात्र काकांनीच केलं, ते आजही डाचतं. म्हणे आईनं करणं शास्त्रात बसत नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत कन्या देणाऱ्यांचा क्रम दिलाय: वडील, आजोबा, भाऊ, कुळातला पुरुष, आई, आधीचा नसेल तर पुढचा. काकांचा नंबर आधी लागतो, मान्य. पण आई त्यात आहे, आणि तिची पाळी येते तीच मुळी नवरा गेल्यावर. मग विधवेला अधिकार नाही हे कुठून आणलं?

बाकी अंतरपाट, मंगलाष्टकं हौसेवर. सप्तपदी सोडू नका. अन्न, बळ, समृद्धी मागत मागत सातव्या पावलाला सख्य मागतात, प्रेमविवाहाला आणखी काय हवं? लाजाहोमात मुलीचा भाऊ ओंजळीत लाह्या घालतो, गुजराती फेऱ्यांत जवतल, म्हणजे जव आणि तीळ, होमायलाही भाऊच लागतो. दोन्ही जमवून घेता येतं.

हे सगळं दोघंही हिंदू आहात असं धरून. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे दोघांपैकी कोणाच्याही रूढीनं झालेलं लग्न चालतं, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. धर्म वेगळे असतील तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, ते आधी बघा.

आणि दोघांपैकी कोणाची आई एकटी असेल, तर पत्रिका छापायच्या आधी गुरुजींना आणि गोर महाराजांना, म्हणजे गुजराती भटजींना, स्पष्ट सांगा की तिच्या वाटणीचे विधी तीच करणार. नाही म्हणाले तर दुसरे बघा. बडोद्यात गुरुजींना तोटा नाही.