गड्ड्याला जाताना पोराच्या हातात पैसे द्याच

ताई, पोराला पैशाचं वळण कधीपासून लावायचं विचारताय, आणि पोरगं पाच वर्षांचं आहे म्हणताय ना, मग हेच वय आहे की ओ सुरुवात करायला. गड्ड्याला, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेला, होम मैदानावर जायच्या आधी घरीच त्याला शंभर रुपये द्या, पण सुट्टे, दहा-दहाची नाणी-नोटा, आणि सांगून ठेवा की पाळणा, खेळणं, भेळ सगळं यातच. आपण हल्ली सगळीकडे फोन दाखवून पेमेंट करतो, पोरांना वाटतं फोन आहे म्हणजे पैसे आहेतच, त्यामुळे हातातलं नाणं कमी होताना दिसलं पाहिजे.

पहिल्याच स्टॉलवर बंदूक मागणार, मागू द्या. "नाही" म्हणायचं नाही, "हे घेतलंस तर पाळण्याला किती उरतील मोज" एवढंच म्हणायचं. घेतली आणि घरी येईपर्यंत मोडली तरी दुसरी आणायची नाही, आणि "बघ, सांगितलं होतं ना" पण नको. रडेल थोडा वेळ. आजी-आजोबांना मात्र आधीच पढवून ठेवा, खरी गळती तिथंच असते!

महागडं खेळणं हवं असेल तर काचेची बरणी द्या, मातीचा गल्ला नको, आत काय साठलंय ते दिसायला हवं. ताट उचललं, अभ्यास केला म्हणून पैसे द्यायची सवय तेवढी लावू नका, मला ते पटत नाही. दहा वर्षं पूर्ण झाली की पोस्टात बचत खातं काढा, ५०० रुपयांत निघतं आणि स्लिप तो स्वतः भरू शकतो.