जन्मदर, जननदर आणि दिलीप राजाची प्रजा

विचारणा अशी आहे: 'भारताचा जन्मदर २ वर घसरला' असे एका बातमीत वाचले, दुसरीत त्याच आकड्याला 'प्रजनन दर' म्हटले होते, तिसरीत 'प्रजननक्षमता दर'. बरोबर कोणते?

पहिले तर सपशेल चूक, आणि ती ऐकून ऐकून कान किटले आहेत. जन्मदर म्हणजे हजार लोकसंख्येमागे वर्षभरात झालेले जन्म. नमुना नोंदणीनुसार (निवडक वस्त्यांतल्या जन्ममृत्यूंची सरकारी नोंद) २०२० मध्ये भारताचा जन्मदर १९.५ होता. तो खरोखर २ असता, तर १४० कोटींच्या देशात वर्षाला जेमतेम २८ लाख मुले जन्मली असती. प्रत्यक्षात दोन कोटींच्या वर जन्मतात. वृत्तनिवेदक मंडळींनी एकदा गुणाकार करून पाहायला काय हरकत आहे?

बातमीतला २ हा बाईमागे मुलांचा आकडा. १५ ते ४९ वयाच्या बायकांत वयोगटवार किती जन्म होतात ते काढायचे, आणि आजच्याच प्रमाणाने एखादी बाई या सगळ्या वयांतून गेली तर तिला किती मुले होतील याचा हिशेब मांडायचा. याला 'एकूण जननदर' म्हणावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (तिची सूत्रे आपल्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे) १९९२-९३ साली तो ३.४ होता. पुढच्या फेऱ्यांत २.९, २.७, २.२ असा उतरत २०१९-२१ मध्ये २.० वर आला. महाराष्ट्राचा १.७, गोव्याचा १.३, बिहारचा ३.०. जन्मदर आणि जननदर हातात हात घालून चालतीलच असे नाही. आधीच्या मोठ्या पिढ्यांतल्या मुली आज विशी-तिशीत आहेत, म्हणून बाईमागे मुले कमी झाली तरी गावात पाळणे पुष्कळ हलतात. दोन्हींना एकच नाव दिले की हे कळायची सोयच उरत नाही.

'प्रजननक्षमता दर' ही तर दुप्पट चूक. क्षमता मोजली कुणी? दक्षिण कोरियाचा जननदर २०२३ मध्ये ०.७२ झाला, तो तिथल्या बायकांना मुले होत नाहीत म्हणून नव्हे. घरांच्या किमती, शिकवण्यांचा खर्च, कामाचे लांबलचक तास आणि लग्नच न करणे किंवा उशिरा करणे, अशी त्याची कारणे सांगतात. पण 'क्षमता घटली' असा मथळा वाचला की लोक थेट प्लॅस्टिकच्या डब्यांना आणि मोबाइलच्या मनोऱ्यांना दोष देऊ लागतात. इंग्रजी लोकसंख्याशास्त्रात फर्टिलिटी म्हणजे प्रत्यक्ष झालेली मुले आणि फेकंडिटी म्हणजे क्षमता. फ्रेंचांकडे नेमके उलट: फेकाँदिते म्हणजे झालेली मुले, फर्तिलिते म्हणजे क्षमता. तेव्हा शब्दकोशात दिसला तो पहिला प्रतिशब्द उचलणाऱ्यांनी जरा जपून.

राहिला 'प्रजनन दर'. यावर परिभाषा घडवणाऱ्या काही विद्वानांचा आक्षेप असा, की प्रजनन हा गुराढोरांचा शब्द. तो पशुसंवर्धन खात्यात शोभतो, माणसांना लावू नये. या विद्वानांनी शब्द गोठ्यात पाहिला, म्हणून तो तिथेच जन्मला असे ठरवून टाकले. अहो, 'प्रजनन' आणि 'प्रजा' एकाच पोटचे! प्र + जन्, म्हणजे पुढे जन्माला घालणे. प्रजेचा मूळ अर्थ मुलेबाळे, रयत नव्हे. ऋग्वेदाच्या विवाहसूक्तात 'आ नः प्रजां जनयतु प्रजापतिः' असे मागणे आहे. प्रजापतीने आम्हांला प्रजा द्यावी, म्हणजे पोरेबाळे द्यावीत. नवरानवरी काही करदाते मागत नाहीत.

मग पोरांची रयत कधी झाली? काळाच्या उलगड्यात मी शिरत नाही, पण दोन्ही अर्थ शेजारी नांदताना पाहायचे असतील तर रघुवंशाचा पहिला सर्ग उघडा. आरंभीच रघुकुळाचे राजे 'प्रजायै गृहमेधिनाम्', म्हणजे संततीसाठीच संसार मांडणारे. थोडे पुढे दिलीप राजाविषयी कालिदास म्हणतो, प्रजेला शिस्त लावणारा, राखणारा, पोसणारा तोच तिचा पिता; जन्मदाते बाप हे जन्माला नुसते निमित्त. इथे प्रजा म्हणजे रयत. आणि गंमत अशी की या राजाला मूल नाही! वसिष्ठांपुढे तो स्वतःला 'प्रजालोपनिमीलितः' म्हणवतो, प्रजा नसल्यामुळे अंधारून गेलेला. सगळ्या पृथ्वीची प्रजा पदरी आणि प्रजा नाही म्हणून रडतो. कालिदासाने हा खेळ जाणूनबुजून मांडला आहे असे माझे ठाम मत. टीकाकारांना काय वाटते ते त्यांचे त्यांना लखलाभ. आपणही 'मायबाप सरकार' म्हणतो तेव्हा याच शब्दाचा दुसरा अर्धा भाग बोलत असतो. आणि ज्यांच्या घरी दोन नातवंडे आहेत, त्यांना प्रजासत्ताक या शब्दाची फोड वेगळी सांगायला नको.

म्हणून गुरांचा शब्द हा आक्षेप मी मोडीत काढतो. प्रजनन दर चालेल. जननदर आटोपशीर, म्हणून मी तो लिहितो. खरे तर 'प्रजादर' सुचवणार होतो, पण तो लोक प्रजा + आदर असा वाचतील, आणि सरकारी अहवालात 'राज्यातील प्रजादर घटला' असे छापून आले की विधानसभेत गोंधळ.

'संतती' लावून शब्द करू म्हणाल, तर तो आधीच कामात गुंतला आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत केंद्र काढले ते संततिनियमनाचे. सरकारने १९५२ मध्ये कार्यक्रम आणला तो कुटुंबनियोजनाचा, आणि आणीबाणीनंतर त्याचे झाले कुटुंबकल्याण. मुलांचे नाव प्रत्येक फेरीत थोडे आणखी आत गेले आहे. 'बहुप्रसवा' हा नेमका शब्द होता, तोही समीक्षकांनी पळवला. आता तो फक्त वर्षाला तीन-तीन कादंबऱ्या काढणाऱ्यांना लावतात.