उपग्रह सतत पडत असूनही जमिनीवर का आदळत नाही?

उपग्रह मुक्तपणे पडत असेल तर तो वर कसा टिकतो, याचे उत्तर त्याच्या आडव्या वेगात आहे. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण संपलेले नसते. ते भूपृष्ठावरील गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ ९० टक्के असते, आणि नेमका हाच मुद्दा अनेकदा निसटतो. तेथील उपग्रह एका सेकंदात पृथ्वीकडे साधारण ४.३ मीटर पडतो, परंतु तेवढ्यात तो सुमारे ७.७ किलोमीटर पुढे गेलेला असतो आणि पृथ्वीचा गोल पृष्ठभागही त्याच्या सरळ मार्गापासून तितकाच खाली वळलेला असतो, म्हणून त्याची उंची कायम राहते. अंतराळवीरही यानाबरोबर त्याच त्वरणाने पडत असल्यामुळे त्यांना वजन जाणवत नाही. अतिविरळ हवेच्या घर्षणाने ऊर्जा घटत गेली, तर मात्र कक्षा हळूहळू खाली सरकते.