आधी उठायची वेळ ठरव

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रात्री दोनपर्यंत कूस बदलत पडतोस, सकाळी अभ्यासिकेत डुलक्या येतात, लवकर झोपायचा नेम करून पाहिलास तोही मोडला, असं लिहिलंस. मोडणारच. झोप कधी यावी हे आपल्या हातात नसतं, कधी उठायचं हे असतं.

एकदा पहाटे तुमच्या कोल्हापूरच्या गंगावेशेतल्या एखाद्या तालमीत डोकावून ये. वस्ताद रात्री ‘झोपा रे’ म्हणत फिरत नाहीत, पहाटे उठवतात. जोर-बैठका मारलेलं पोर रात्री पाठ टेकायचा अवकाश, घोरायला लागतं. तुला चारला उठायची गरज नाही. साडेसहा ठरव. पण रविवारीही साडेसहा, आणि रात्री डोळ्याला डोळा लागला नसेल तरीही साडेसहाच. पहिला आठवडा जीव नको होईल. दुपारी अगदीच राहवलं नाही तर तीनच्या आत वीस मिनिटं पड, गजर लावून.

उठलास की तोंड धुऊन थेट रंकाळ्यावर. पळायलाच पाहिजे असं नाही, वीसेक मिनिटं उघड्या उजेडात चाललास तरी पुष्कळ. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की मेंदूतलं घड्याळ जुळतं आणि रात्री झोपेचं संप्रेरक, मेलाटोनिन, वेळेवर सुटतं. शरीराच्या या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा ही माझी कट्ट्यावरची बडबड समजू नकोस.

आता चहा. कोल्हापुरात चहाला नाही म्हणणं म्हणजे भांडण काढणं, ठाऊक आहे मला. पण कॅफीन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कपातलं निम्मं अकरा वाजताही अंगात असतं. दुपारी दोननंतर बंद कर. मित्रांनी ओढलंच तर त्यांना दूध कट्ट्यावर ने. दुधानं झोप लागते असा माझा दावा नाही, पण त्यात चहापत्ती नसते.

तांबड्या रश्श्याला माझी हरकत नाही, साडेदहाच्या रश्श्याला आहे. वर ओरपून लगेच आडवं झालं की छातीत जळजळतं. आठपर्यंत जेवून घे.

तुझ्या खोलीत मी आलो होतो तेव्हा नोट्स कॉटवर, डबा कॉटवर, चार्जरची वायरही उशाखालून. अशा कॉटवर झोपायचं की जागायचं हे शरीराला कसं कळावं? अभ्यास खुर्चीत, नाहीतर खाली चटईवर. फोन दाराजवळच्या बटणाला लावून ठेव, म्हणजे गजर बंद करायला उठावंच लागेल. वीसेक मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं तर उठून मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाच, डोळे जड झाले की परत पड. घड्याळ बघू नकोस. ‘आता पाचच तास उरले’ हा हिशेब मांडला की उरलेलेही जातात. परीक्षेचं भय मनात घोळत असेल तर उद्याची कामं संध्याकाळीच कागदावर उतरव.

मित्राकडच्या झोपेच्या गोळीबद्दल विचारलंस. मुळीच घेऊ नकोस. आठवड्यातून तीन-चार रात्री अशाच जात राहिल्या आणि हे महिनोन् महिने चाललं, किंवा झोपेत तुझा श्वास अडकतो असं खोलीतल्या पोरानं सांगितलं, तर सरळ डॉक्टर गाठ. फीची चिंता करू नकोस, मला फोन कर.

तुझा,
काका